जर्मन पोरांसाठी डोळ्यांत पाणी आलं, मग?

काल रात्रीपासून डोकं तापलंय, म्हणून लिहिते. वाटलं होतं सकाळच्या चहाबरोबर निवळेल. नाही निवळलं.

आमच्या कॉलेजच्या कंपूने काल फोंड्याला एकाच्या घरी 'दास बूट' बघितला. 1981 चा, वोल्फगांग पेटरसनचा. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी आणि आतली माणसं. हुर्राक-लिमका होतं, चणे-शेंगदाणे होते, सुरुवातीला नेहमीची टवाळकी चालू होती. मग पाणबुडीवर डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, पडायला लागले. बोट खाली खाली जाते, पत्रा कण्हतो, बोल्ट बंदुकीच्या गोळीसारखे उडतात आणि दाढी वाढलेली, तेलकट तोंडाची ती पोरं श्वास धरून वर बघत बसतात. आमच्यात कुणी ग्लास जोरात ठेवला तरी बाकीचे डोळे वटारत होते!

सिनेमा संपला, मी डोळे पुसले. तर आमच्यातला एक जण (नाव घेत नाही, तो वाचतोच आहे) म्हणतो, "आता हिटलरच्या पोरांसाठी रडायचं? उद्या पाकिस्तान्यांसाठी पण रडशील." दोघं-तिघं हसले. मला त्याच्यापेक्षा हसणाऱ्यांचा राग आला.

माझ्या आजोबांच्या उजव्या हाताची बोटं शेवटपर्यंत नीट मिटली नाहीत. भात कालवताना दिसायचं, घास सांडायचा. गोव्यात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राज्यात 'जय हिंद' म्हणाले म्हणून पोलिसांनी लाकडी फळीने तळहात फोडले होते. 1961 च्या डिसेंबरात गोवा सुटला, पोर्तुगीज सैनिक कैदी झाले, त्यातले काही फोंड्याला ठेवले होते. आजोबा मुद्दाम बघायला गेले, पाखल्यांची, म्हणजे पोर्तुगीजांची, जिरलेली डोळे भरून बघायची होती. तारेपलीकडे एक पोरगा, उन्हाने नाकाची सालं निघालेली. त्याने खुणेने विडी मागितली. आजोबांनी त्याच हाताने पेटवून दिली. घरी आल्यावर आजीने उद्धार केला. आजोबा एवढंच म्हणाले, "पोर होतं गे."

सालाझारला मात्र त्यांनी मरेपर्यंत शिव्याच घातल्या. दोन्ही एकाच माणसाला जमत होतं. मग आजोबा काय देशद्रोही?

आणि जर्मन लोक आपल्याला इतके परके कधीपासून झाले? युद्ध सुरू झालं तेव्हा त्यांची व्यापारी जहाजं आपल्या मुरगाव बंदरात आसऱ्याला येऊन थांबली होती. त्यातल्या एरेनफेल्स या जहाजावरून जर्मन पाणबुड्यांना खबरा जातात म्हणून 9 मार्च 1943 च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या इंग्रजांनी तिच्यावर हल्ला केला. त्यावर 'द सी वुल्व्ज' सिनेमा निघाला, इंग्रजांच्या बाजूने. शूटिंग इथे गोव्यात झालं आणि आपण अजून ते मिरवतो. तो बघताना इंग्रजांसाठी टाळ्या वाजवल्या तेव्हा कुणी हिशेब मागितला नाही. इंग्रज आपले कोण लागतात, मावसभाऊ?

बरं, मान्य. 'दास बूट'मध्ये खरा कट्टर नाझी जेमतेम एक, बाकी सगळे बिचारे. ते जरा सोयीचं आहे. पण तो जळत्या टँकरचा प्रसंग आठव. पेटलेली माणसं समुद्रात उड्या मारतात, यांच्याकडे पोहत येतात आणि कप्तान बोट मागे घ्यायला सांगतो. यात कुठे लाड केलेत त्यांचे? तिथे कुणी हसलं नव्हतं. तूही नाही. मी बघत होते तुझ्याकडे.

लिहिता लिहिता जरा शांत झाले. मला तसं बोलणाऱ्याचा धाकटा भाऊ सैन्यात आहे, सीमेवर. त्याला समोरच्या बाजूचा चेहरा बघायचाच नसेल, तर ते मी समजू शकते. त्याच्या आईचं रात्री-अपरात्री फोनकडे बघणं मी पाहिलंय. पण मग हसणाऱ्यांनो, तुमचं काय? तुमचं कोण आहे सीमेवर?

मला तर आपल्या 1961 वर पाखल्यांच्या बाजूने काढलेला सिनेमा बघायचाय. 'आफोंसो द आल्बुकेर्क' ही त्यांची जुनाट युद्धनौका आपल्या नौदलाशी एकटी लढली, तिचा कप्तान जबर जखमी झाला आणि शेवटी खलाशांनी ती दोना पावलाच्या बाजूला किनाऱ्यावर चढवली. तिच्या आत काय चाललं असेल? आणि गोव्यातला त्यांचा गव्हर्नर वासालो इ सिल्व्हा! लिस्बनमध्ये खुर्चीत बसून सालाझारने हुकूम सोडला होता, जिंका नाहीतर मरा, शरण जायचं नाही. याने ऐकलं नाही. 19 डिसेंबरला शरणागतीवर सही केली आणि मायदेशी परतल्यावर त्याला सैन्यातून हाकललं. त्याने हुकूम पाळला असता तर तारेपलीकडचं ते पोर विडी मागायला उरलं नसतं, आणि इकडची आपली किती पोरं गेली असती कोण जाणे.

काढा कुणीतरी हा सिनेमा. माझ्या घरी लावू, फेणी माझ्याकडे लागली. मी रडणार, आत्ताच सांगून ठेवते. ज्यांना हसायचंय त्यांनी शेंगदाणे घेऊन बाहेर सोप्यावर बसावं.