कलासंग्रहालयाचे साहेब कसे बदलावेत

तुमच्या खात्याकडे एखादे सरकारी कलासंग्रहालय असेल आणि संचालक बदलायची वेळ आली असेल, तर गांगरू नका. एका जुन्या जलरंगचित्राचा फोटो लेखासाठी हवा म्हणून नुकताच मी अशाच एका संग्रहालयात खेटे घालत होतो. त्यामुळे ही विद्या अगदी जवळून पाहता आली.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पुढचा माणूस आधी शोधून ठेवू नका. साहेबांची जन्मतारीख सेवापुस्तकात पहिल्या दिवसापासून असते, ते कधी निवृत्त होणार हे शिपायालाही पाठ असते. तरी कोणी हूं की चूं करायचे नाही. शाल-श्रीफळ झाले, सामोसे संपले, की मग एकमेकांना विचारावे, 'आता कोण?' जाहिरात त्यानंतर काढावी. सेवाप्रवेश नियम जुने झालेत हे जाहिरात निघाल्यावर आठवावे.

नावाची पाटी मात्र त्याच दिवशी काढा.

चार्ज देता-घेताना वस्तू मोजत बसू नका. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात दोन लाखांवर वस्तू आहेत, मोजणार कोण? 'यादीप्रमाणे बरोबर' लिहावे, दोन सह्या कराव्यात, चहा मागवावा.

एखाद्याचा जम बसतोय असे दिसले, तर लगेच हलवा. त्याच राष्ट्रीय संग्रहालयाचे महासंचालक वेणू वासुदेवन यांना २०१५ मध्ये क्रीडा खात्यात धाडले. कलाक्षेत्रातल्या मंडळींनी ओरड केली, पण ओरडीला जावक क्रमांक नसतो.

स्थानिक चित्रकारांच्या सल्लागार समित्या असतील तर त्यांचाही निकाल लावा. कोणी जाहीरपणे बोललेच, तर मधेच टोका. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनात फेब्रुवारी २०१९ मध्ये चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकरांनी हा विषय काढला, तेव्हा त्यांना बरव्यांपुरतेच बोलायला सांगितले गेले. प्रश्न मिटला!

आता खरा रामबाण : 'अतिरिक्त कार्यभार'. मूळचे काम दुसरीकडे असलेला अधिकारी निवडा. तो आठवड्यातून एकदा येईल, किंवा येणारही नाही, फाईलच त्याच्याकडे जाईल. त्याचा चित्रांशी संबंध कॅलेंडरपुरता असला तरी हरकत नाही. तो नाही म्हणणार नाही आणि हो तर मुळीच म्हणणार नाही, कारण धोरणात्मक निर्णय 'नियमित साहेब' घेतील. तोवर कुठल्याच खर्चाला मंजुरी नाही. माझा अर्ज आवक बारनिशीत नोंदला गेला, शिक्का बसला, आणि 'नवीन साहेब आल्यावर या' हे उत्तर मिळाले. कधी येतील? 'ते वरूनच ठरतं.' फोटो राहू द्या, चित्र बघू तरी द्या म्हटले, तर भांडारपालांना दया आली. त्यांनी खण उघडला. आकाशाच्या निळ्यावर तपकिरी ठिपके, खालच्या कोपऱ्यात कागदाला पोक आलेला. दमटपणा शोषणारे यंत्र भिंतीशी, प्लग काढून ठेवलेले. दुरुस्तीचे दरपत्रक पाठवलेय म्हणाले, सहीला आहे. मागच्या पावसाळ्यापासून सहीला आहे! बुरशीला प्रभारी आणि नियमित यातला फरक कळत नाही हो, ती रजेवरही जात नाही, तिला कोणी अजून सांगितलेले नाही की नवीन साहेब येईपर्यंत थांब!

आणि ज्यांच्या सहीने हे सगळे अडलेय, त्यांना लाज कशी वाटत नाही? एका माणसाच्या निवृत्तीची तारीख तीस वर्षे आधी माहीत असताना सहा महिने अगोदर जाहिरात काढता येत नाही? संग्रहालयशास्त्र शिकलेले लोक वर्षानुवर्षे कंत्राटावर सडतात, आणि खुर्ची रिकामी ठेवता, कारण ती कोणाला द्यायची यावर वर रस्सीखेच चालू आहे. ती चित्रे तुमच्या खात्याची नाहीत, लोकांच्या पैशाने घेतलेली आणि लोकांनी विश्वासाने दिलेली आहेत. माणूस नेमायचा तेव्हा नेमा, पण त्या यंत्राच्या दरपत्रकावर आज सही करा. पावसाळा तुमच्या मंजुरीसाठी थांबणार नाही.