पडणारच आहेत ना!

बाळाला सहाव्या महिन्याच्या आसपास पहिला दात दिसला, की आधी फोटो काढा, मग ग्रुपवर टाका आणि त्यानंतर त्या दाताला विसरून जा. दुधाचेच दात, पडणारच आहेत! हे वाक्य पाठ असलं की अडीच-तीन वर्षांत सगळे वीस दात येईपर्यंत कसलीच काळजी घ्यावी लागत नाही.

रात्री तर बाटली तोंडात देऊनच झोपवा. दुधात चमचाभर साखर हवीच, नाहीतर बाळ म्हणेल काय? पोरगं शांत झोपतं, आपल्यालाही मोबाईल बघता येतो. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दूध वरच्या पुढच्या दातांभोवती निवांत साचून राहतं. खालच्या दातांवर जिभेचं पांघरूण असतं, म्हणून ते बहुधा वाचतात. आपण मात्र पक्षपात करायचा नाही. त्यांच्यासाठी दिवसा चहात बुडवलेलं बिस्कीट आहे. त्याचा लगदा दाढांच्या खाचांत असा काही बसतो, की गवंड्याने लाजावं.

वरचा ओठ उचलून बघायच्या भानगडीत पडू नका. चुकून बघितलंत, तर हिरडीलगत खडूने ओढावी तशी पांढुरकी रेघ दिसेल. कीड लागण्याची ही पहिली खूण. इथे सावध झालं तर दात अजून सावरू शकतो, असं दातांचे डॉक्टर सांगतात. आपण म्हणायचं, "कॅल्शियम कमी पडतंय," आणि रात्रीची बाटली थोडी मोठी आणायची.

भरवताना चमचा आधी आपल्या तोंडात घालून 'गरम नाही ना' हे जरूर बघा. चिऊचा घास, काऊचा घास आणि त्याच चमच्यावरून आपल्या किडक्या दाढेतले जंतू, सगळं कसं एकाच मायेने.

ब्रश आणलाच, तर पोराच्या हातात देऊन मोकळे व्हा. ज्याला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही, त्याला दाढेच्या मागची बाजू घासता येणार नाही का? पेस्ट जाहिरातीतल्यासारखी लाटेलाट काढून लावा. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी पुरते म्हणे. पण एवढीशी पेस्ट लावायची तर स्ट्रॉबेरीची चव कळणार कशी? गिळायला नको?

एक दिवस पोरगं रात्री दोनला गाल धरून रडत उठेल. लवंग ठेवा. पहाटेपर्यंत 'बागुलबुवा' आणि 'डॉक्टर सुई टोचतील' यांचा आळीपाळीने वापर करा. म्हणजे सकाळी दवाखान्याच्या दारातच ते जमिनीवर लोळण घेईल. आत गेल्यावर आवाज चढवायची पाळी आपली: "दुधाच्या दाढेचं रूट कॅनल? सिमेंट भरायचं? डॉक्टर, लुटता काय?" या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात, असं डॉक्टर सांगू लागले की घड्याळाकडे बघा. सरळ उपटायला सांगा. लोकलमध्ये मधला माणूस उठला की शेजारचे दोघे ऐसपैस सरकतात, तसे बाजूचे दात त्या जागेत कलंडतील. मागाहून येणारा कायमचा दात चौथ्या सीटवरच्या माणसासारखा अर्धा बाहेर लटकेल. त्याला पुढे तारा लावू. कर्ज मिळतं.

सहाव्या वर्षी पुढचा दात हलायला लागतो, तेव्हा घरात सोहळाच असतो. आजी पडलेला दात कौलांवर फेकायला लावते, आपण व्हिडिओ काढतो. साधारण त्याच सुमारास तोंडात पार मागे, कुठलाही दात न पाडता, गुपचूप एक नवी दाढ उगवलेली असते. ती दुधाची नसते, कायमची असते. पण तिकडे टॉर्च मारायला कोणाला सवड आहे? वर्षभरात तिच्यावर काळा ठिपका दिसला, तर पाठ केलेलं वाक्य आहेच. म्हणा बिनधास्त. तीही पडेल, डॉक्टरांच्या चिमट्यात.