टर्मिनल काढून डायनामो तपासणाऱ्यांनो, थांबा

‘ट्रॅक्टर चार्जिंग करत नाही? इलेक्ट्रिशियनला पैसे देऊ नका!’ असा एक फॉरवर्ड सध्या मुरबाड-शहापूरकडच्या ग्रुपांवर फिरतोय. खाली ‘प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोहोचवा’ आहेच. आमच्या मुरबाडच्या मामांपर्यंत तो पोहोचला, त्यांनी करूनही पाहिलं आणि मग ठाण्याला मला फोन आला. सल्ले चार आहेत. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढा, बंद पडलं नाही तर डायनामो, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, चांगला. चार्जिंगचा लाल दिवा पेटत नसेल तर चार्जिंग व्यवस्थित. बॅटरी उतरत असेल तर मोठी बसवा. पाणी कमी झालं तर अ‍ॅसिड टाका.

पहिला सल्ला वाचून कपाळावर हात मारला. अहो, डिझेलचा ट्रॅक्टर आहे तो! त्याला पेट्रोलच्या गाडीसारखी विजेची ठिणगी लागतच नाही, ना प्लग, ना कॉइल. जुन्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप इंजिनच्याच गिअरवर फिरतो आणि सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं डिझेल पेटतं. चावी काढून खिशात घातली तरी तो धडधडत राहतो, बंद करायला स्टॉपची नॉब ओढावी लागते. रोज ती नॉब ओढणारा माणूस टर्मिनल काढून इंजिन बंद पडतंय का बघतो, याला काय म्हणावं? डायनामो पार जळालेला असला तरी या परीक्षेत तो पासच होणार.

बरं, नुसती निरुपयोगी असती तर सोडून दिलं असतं. आपण सवयीनं डायनामो म्हणतो, पण बहुतेक ट्रॅक्टरवर आता अल्टरनेटर असतो. चार्जिंग सुरू असताना बॅटरी तोडली की त्याचा करंट जायला वाट उरत नाही आणि व्होल्टेज उसळतं. वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या आयएसओ 16750-2 या मानकात या झटक्याची चाचणीच आहे. 12 व्होल्टच्या यंत्रणेला 79 ते 101 व्होल्ट, 40 ते 400 मिलिसेकंद! मामांच्या अल्टरनेटरची डायोड प्लेट (एसीचा डीसी करणारी) आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा) दोन्ही गेले. मूळ दोष मात्र बॅटरी चेसिसला जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत होता. चेसिसवरचा बोल्ट सोडवला तर वॉशरखाली गंज आणि हिरवट भुकटी. पॉलिश पेपरचं काम होतं ते.

शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो 4 टक्के झाला तरी पेटतो, आणि टर्मिनल काढताना ठिणगी उडते ती नेमकी तिथेच, आपलं तोंड बॅटरीवर वाकलेलं असताना.

हो, कटाऊटवाल्या (बॅटरी आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) जुन्या डीसी डायनामोत डायोड नसायचे, तेव्हाचे मिस्त्री पेट्रोलच्या गाड्यांवर ही युक्ती करायचे आणि बऱ्याचदा निभावूनही जायचं. तेवढं मान्य. पण डिझेलवर तिचा उपयोग तेव्हाही नव्हता.

साधा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या चांगल्या बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसतात, इंजिन जरा रेस केल्यावर 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. वाढलेच नाहीत तर आधी अल्टरनेटरचा पट्टा ढिला आहे का ते इंजिन बंद करून दाबून बघा, मग मीटर अल्टरनेटरच्या जाड वायरीवर लावा. तिथे 14 आणि बॅटरीवर 12.4 असेल, तर अल्टरनेटरला हात लावू नका, दोष वायरीत किंवा अर्थिंगमध्ये आहे.

लाल दिव्याचं अर्धंच खरं. चावी फिरवल्यावर तो आधी पेटला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. पेटतच नसेल तर बल्ब उडालाय का बघा. बऱ्याच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बातूनच मिळतो.

मोठी बॅटरी? नळाला पाणी नाही म्हणून मोठा ड्रम आणण्यातला प्रकार.

आणि अ‍ॅसिड अजिबात नको. उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं, म्हणून भरायचं ते डिस्टिल्ड वॉटर. बॅटरी कलंडून अ‍ॅसिड सांडलं असेल तर गोष्ट वेगळी, पण तेही बॅटरीवाल्याकडूनच भरून घ्या.