टेन्शन मोजायचंय ना, मग फॉर्मवरचं नाव आधी खोडा

भाचीच्या शाळेत 'स्ट्रेस सर्वे' झाला म्हणे. दहावीचा वर्ग, ऑफ पिरियडला फॉर्म वाटले, वर नाव, रोल नंबर, आणि बाई बाकांमधून फेऱ्या मारतायत. ही म्हणते, "मावशी, मी सगळीकडे 'कधीच नाही'ला टिक केलं, नाहीतर आईला बोलावून घेतील." मागच्याने तर हिचंच बघून टिका मारल्या 😄 आता याची सरासरी काढणार आणि मुलं मजेत आहेत असं सांगणार!

स्केलचा दोष नाहीये हो. मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन वगैरेंची स्ट्रेस स्केल, म्हणजे टेन्शन मोजायची प्रश्नावली, 1983 पासून जगभर वापरतात, तिचं दहा प्रश्नांचं रूप आहे, स्कोअर 0 ते 40. पण त्यातून टेन्शन किती जाणवतंय ते कळतं, कशाचं आहे ते नाही. त्याआधी 1967 मध्ये होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या मोठ्या घटनांना टेन्शनचे पॉइंट दिले होते, जोडीदार वारला तर 100, लग्न झालं तर 50 (लग्नाला निम्मे, यावर नवरा बराच वेळ हसला). मग 1981 मध्ये लाझारस नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि मंडळींनी दाखवलं की मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या बारीकसारीक कटकटींवरून माणसाच्या मनाच्या तब्येतीचा अंदाज जास्त चांगला येतो.

आणि आपल्या डोंबिवली-ठाण्याकडच्या पोरांचं सगळं दुखणं तिथेच आहे ना. सकाळी क्लास, मग शाळा, मग परत क्लास, टेस्टचे मार्क रँकसकट पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, म्हणजे पोरगी जिना चढायच्या आत घरी सगळ्यांना माहीत, वन बीएचकेमध्ये रडायचं तरी बाथरूमचा नळ सोडून. हे कुठल्या रकान्यात भरायचं? 2022 च्या एनसीईआरटीच्या सर्वेत 81 टक्के मुलांनी चिंतेचं कारण अभ्यास, परीक्षा, रिझल्ट सांगितलं, पण अभ्यास म्हणजे नेमकं काय, गणित, की काकूंचा "किती पडले गं?" हा फोन?

माझं म्हणणं एवढंच, नाव काढा, शाळेबाहेरच्या कुणीतरी फॉर्म गोळा करा, महिनाभराचं एकदम विचारण्यापेक्षा आठवडाभर रोज मोबाइलवर दोन प्रश्न विचारा, आत्ता कसं वाटतंय आणि आज कशाने डोकं फिरलं. आणि वर्गाचा रिझल्ट पालकांच्या ग्रुपवर टाकू नका, त्यातल्या निम्म्यांना तो फक्त शेजारणीच्या पोराचे मार्क बघायला हवा असतो.