बाफला की नारळ?

रविवारी सकाळी इंदूरला रामबागेच्या कोपऱ्यावर आमचे पोहे-जलेबी ठरलेले. (पुण्याच्या पाहुण्यांनी जिलबी वाचावं.) इथे पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या भगोन्यावर बसवलेली असते, त्यामुळे अकरा वाजता गेलं तरी पोहे वाफाळतेच मिळतात. नंदू त्या परातीकडे बघत म्हणाला, “भाचीला शाळेतून प्रोजेक्ट आलंय. पृथ्वीच्या आतले थर एखाद्या खाण्याच्या पदार्थातून दाखवा. मंगळवारी द्यायचंय.”

“अंडं,” वकीलसाहेबांनी निकाल दिला. “टरफल, पांढरं, पिवळं. विषय संपला.”

“ताईकडे अंडं चालत नाही.”

मग विषय कसला संपतोय! नानांनी जीरावनची, म्हणजे इथल्या पोह्यांवरच्या मसाल्याची, डबी पोह्यांवर उपडी केली आणि म्हणाले, “बाफला ने म्हणावं. माळव्यात राहून अंडं कशाला? कणकेचा गोळा, आधी पाण्यात उकळलेला, मग गोवऱ्यांवर भाजलेला. वरून कडक, आतून मऊ, आणि फोडला की भसकन वाफ. ज्वालामुखीसुद्धा झाला त्यात.”

आम्हाला सगळ्यांनाच पटलं. खरं सांगायचं तर मला बाफल्याबद्दल काहीही पटतं. पण सरांनी, म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या आमच्या सरांनी, हातातली जलेबी खाली ठेवली. ते जलेबी खाली ठेवतात तेव्हा अर्धा तास जातो.

“नाना, आतून मऊ म्हणालात तिथेच घोटाळा आहे. भूकवचाखाली २,८९० किलोमीटरपर्यंत प्रावरण आहे. पृथ्वीच्या आकारमानातला ८४ टक्के भाग तोच. आणि तो घन आहे. खडक.”

“मग लाव्हा कुठून येतो, माझ्या घरून?” वकीलसाहेब.

“घन आहे, पण वाहतो. वर्षाला काही सेंटीमीटर.”

“हे तर आमच्या पक्षकारासारखं झालं. घरातच होतो म्हणतो आणि बाजारातही होतो म्हणतो.”

इथे मला आजीकडची गुळाची ढेप आठवली. फोडायला बत्ता लागायचा, ठिकऱ्या उडायच्या. तीच ढेप मे महिन्यात माळ्यावर विसरली, तर जूनमध्ये खाली बसून फडक्याच्या बाहेर आलेली असायची. कुणी वितळवली नव्हती, नुसती वेळ दिली होती. सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी माझ्या वाटणीची शेव मलाच परत केली.

पण वकीलसाहेबांचा लाव्हा तसाच राहिला होता. त्यावर सरांनी जे सांगितलं ते मला या वयात पहिल्यांदा कळलं. लाव्हा पृथ्वीच्या गाभ्यातून येतो असंच मी धरून चाललो होतो. गाभ्याचा त्याच्याशी थेट संबंध नाही. कुकर घ्या, सर म्हणाले. उघड्या भांड्यात १०० अंशांना ज्याची वाफ होते, ते पाणी कुकरमध्ये १२० अंशांपर्यंत पाणीच राहतं, कारण वर दाब आहे. प्रावरणातला खडक वितळण्याइतका तापलेला असतो, पण डोक्यावरच्या दाबामुळे वितळत नाही. तो हळूहळू वर सरकला, दाब उतरला, की त्यातला थोडा भाग वितळतो. तोच शिलारस.

“म्हणजे शिटी,” नंदू म्हणाला.

“शिटी झाली होती ना इथेच. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. तू ज्या काळ्या दगडाच्या ओट्यावर बसलायस, तो त्याच शिटीतला. माळव्याची काळी माती त्याच दगडाची. पातालपानीला धबधब्याच्या कड्यावर लाव्ह्याचे थर एकावर एक दिसतात, खारीचे पापुद्रे असावेत तसे.”

पातालपानीचा डोह थेट पाताळापर्यंत जातो असं लहानपणी सांगायचे. नानांनी तेवढ्यावर विचारलं, की मग माणूस खरोखर किती खाली गेलाय? माणूस नाही, पण भोक गेलंय. रशियात कोला इथे १९७० पासून खणत खणत १२,२६२ मीटर गेले. तळाशी १८० अंश लागले, म्हणजे समोरच्या जलेबीच्या कढईइतकं तापमान, आणि त्यांनी धरलं होतं १०० च्या आसपास. खडक मऊसर होऊन भोक बुजायला लागलं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. नुसती साल ओरखडली, तीही पुरती नाही.

“मग आतलं कुणी पाहिलं? ऐकीव पुरावा ग्राह्य नाही,” वकीलसाहेब.

“ऐकीवच आहे. नारळ कानाशी धरून हलवता, तेव्हा फोडून बघता का? पृथ्वीला भूकंप हलवतात, आपण लहरी ऐकायच्या.”

१८९७ च्या आसामच्या भूकंपाचा अभ्यास केला तो रिचर्ड ओल्डहॅम यांनी. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. पुढे १९०६ मध्ये भूकंपलहरींवरूनच त्यांनी दाखवलं की आत वेगळा गाभा आहे. दोरी झटकल्यासारख्या आडव्या हेलकावणाऱ्या लहरी द्रवातून जात नाहीत, आणि गाभ्याशी त्या थांबतात. म्हणून बाह्यगाभा द्रव. लोखंड आणि निकेलचा. १९३६ मध्ये इंगे लेमान या डॅनिश बाईंनी आणखी पुढचं काढलं. जिथे पोचू नयेत तिथे काही क्षीण लहरी पोचत होत्या, म्हणजे द्रवाच्या आतही काहीतरी होतं. तो अंतर्गाभा, १,२२० किलोमीटर त्रिज्येचा, घन.

“सगळ्यात आत, सगळ्यात तापलेला, आणि घट्ट?”

“सूर्याच्या पृष्ठभागाइतका तापलेला. पण दाब हवेच्या ३६ लाख पट. तुझा कुकर दुपटीवर शिटी मारतो.”

एवढ्यात नंदूच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, तो ओट्यावरून उठलाच. “सर, नारळच! साधा नाही. मोड आलेला. आई देवापुढचा जुना नारळ फोडते, तेव्हा आत पाण्यात तो पांढरा, स्पंजासारखा गोळा निघतो ना? आम्ही भावंडं भांडायचो त्याच्यावर.”

कट्टा गप्प झाला. घट्ट खोबरं, आत पाणी, पाण्यात गोळा. आणि तो गोळा वाढतो. सर म्हणाले, अंतर्गाभाही वाढतोय, बाहेरचं लोखंड थिजून त्याच्यावर बसतं, वर्षाला मिलिमीटरभर म्हणतात.

नानांनी बाफल्याची बाजू सोडली नव्हती. “करवंटी केवढी जाड! भूकवच इतकं असतं का?”

रास्त हरकत होती. सरांनी पेपर नॅपकिनवर हिशेब मांडला. १२ सेंटीमीटरच्या नारळात जमिनीखालचं ३५ किलोमीटरचं भूकवच मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं भरतं. म्हणून करवंटी काढून टाकायची आणि खोबऱ्याची तपकिरी साल म्हणजे भूकवच धरायचं. खोबरं मात्र आहे त्याच्या दुपटीने जाड हवं होतं. वकीलसाहेबांनी तेवढी सूट दिली. गोळा स्पंजासारखा आणि अंतर्गाभा पोलादासारखा, यावर नाना अजून बोलतच होते, पण पैसे देऊन झाले होते.

कोपऱ्यावरच्या पूजेच्या दुकानात नंदूने सात नारळ कानाशी हलवले. ज्यात पाणी सगळ्यात कमी वाजलं, तो बाजूला काढला.

“भिया, वो पुराना है,” दुकानदार म्हणाला. “ताजा वाला ले लो.”

“पुराना ही चाहिए भिया. ऐसा दूसरा भी है क्या?”