नारकॅन घरात ठेवू नका, असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला. एकदा मराठी मंडळाच्या, एकदा मुलीच्या शाळेतल्या देसी पालकांच्या, आणि दोनदा नातेवाइकांच्या. मथळा, 'सर्व मराठी पालकांनी वाचावे'. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत आता नारकॅन फुकट वाटतात. ते हाताशी असलं की मुलं ड्रग्ज घ्यायला बिनधास्त होतात. ते डॉक्टरनेच द्यायचं औषध आहे, घरच्यांनी चुकून भलत्याला दिलं तर तो दगावतो. फेंटॅनिलवर ते चालतही नाही. बेशुद्ध माणसाला नुसता हात लावला तरी आपल्याला विष चढतं. पोलिस आले की व्हिसा जातो. दुकानातून घेतलं की नाव रेकॉर्डला लागतं. आणि शेवटची ओळ, आपल्या संस्कारी घरांत याची गरज नाही.

मी न्यू जर्सीत फार्मासिस्ट आहे. हा मेसेज वाचलेल्या एका मराठी बाई हातात घेतलेली डबी माझ्या काउंटरवर परत ठेवून गेल्या, म्हणून हे लिहायला बसले. नारकॅन हे ब्रँडचं नाव, औषध नॅलोक्सोन. अफूच्या जातीच्या औषधांनी, म्हणजे ओपिऑइडने, श्वास बंद पडायला लागला तर तो परत सुरू करणारं.

शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण बाकीचा सगळा मेसेज तिच्या आधारावर उभा आहे.

'आपल्या घरांत' याचा अर्थ आपली मुलं सुया टोचून घेत नाहीत, असा असेल तर तो बहुतेक घरांत खरा असेल. पण आज इथे मुलं दगावतात ती फक्त सुईने नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जागायला मित्राकडून घेतलेली अ‍ॅडरॉल, झोप येत नाही म्हणून फोनवरच्या अ‍ॅपवरून मागवलेली झॅनॅक्स, पाठ दुखते म्हणून कुणी दिलेली पर्कोसेट. गोळी दिसायला हुबेहूब, रंग तोच, छाप तोच, आणि आत फेंटॅनिल, म्हणजे अगदी थोडंसंही जिवावर बेतणारं कृत्रिम ओपिऑइड. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याने 2023 मध्ये पकडलेल्या बनावट गोळ्या तपासल्या, तेव्हा दर 10 पैकी 7 गोळ्यांत जिवावर बेतेल इतकं, म्हणजे 2 मिलिग्रॅम किंवा जास्त फेंटॅनिल होतं. पुढच्या वर्षी ते प्रमाण 10 पैकी 5 वर आलं. मीठाचे काही कण म्हणजे 2 मिलिग्रॅम.

रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, 10 ते 19 वयाच्या मुलांचे जुलै 2019 ते डिसेंबर 2021 या काळातले ओव्हरडोसचे मृत्यू तपासले होते. साधारण चौथा हिस्सा मृत्यूंत बनावट गोळ्यांचा पुरावा मिळाला. त्याहून मला जास्त लागलेली गोष्ट वेगळी आहे. दोनतृतीयांश वेळा जवळपास कुणीतरी होतं. आणि त्यातल्या बहुतेकांनी काहीच केलं नाही, कारण काय चाललंय ते त्यांना कळलं नाही किंवा ते दुसऱ्या खोलीत होते.

कळत नाही, हे खरंच आहे. ओपिऑइडने मरणारा माणूस ओरडत नाही, तडफडत नाही. तो झोपतो. मग घशातून खोल, घरघरणारं घोरणं येतं. घरचे म्हणतात, दमलाय, गाढ झोप लागलीय, उठवू नका. ते घोरणं नसतं, घसा ढिला पडून हवा अडत असते. मेंदूच्या तळाशी जो भाग श्वास चालवतो तिथे ओपिऑइड ठाण मांडून बसतं, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला तरी मेंदूला 'श्वास घे' असं सुचत नाही. फुप्फुसं धडधाकट असतात, फक्त त्यांना कुणी हाक मारत नाही.

आणि मुलंच कशाला? भारतातून आलेल्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन इथे झालं, तर घरी येताना हातात ऑक्सिकोडोन या ओपिऑइड वेदनाशामकाची बाटली असते. आईला झोपेत श्वास अडकायचा त्रास आहे, शिवाय ती रात्री झोपेची गोळी घेते. किंवा दोन वर्षांच्या नातवाने आजोबांच्या पाठीवरची कॅन्सरच्या दुखण्याची फेंटॅनिलची पट्टी सोलून तोंडात घातली. ही व्यसनी माणसं नव्हेत. ओपिऑइड लिहून देताना रुग्णाशी नॅलोक्सोनबद्दल बोला, असं औषधांच्या माहितीपत्रकात घालायला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 2020 मध्ये लावलं ते अशाच घरांसाठी.

आता 'बिनधास्त होतात' या मुद्द्याकडे येते. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. आईबापांच्या मनात हा प्रश्न येणं स्वाभाविक आहे, आणि 2018 मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनीही असाच निष्कर्ष मांडला होता. पण त्यांनी पाहिलं होतं ते नॅलोक्सोन मिळणं सोपं करणारे कायदे कोणत्या राज्यात कधी आले, हे. कायदा आला त्या दिवशी औषध लोकांच्या हातात पोचलं असं होत नाही, आणि त्याच वर्षांत फेंटॅनिल देशभर पसरत होतं, ही टीका त्यावर लगेच झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये औषध आणि प्रशिक्षण प्रत्यक्ष किती लोकांपर्यंत पोचलं ते मोजून 19 गावाशहरांचा अभ्यास झाला, तो 2013 मध्ये छापून आला. जिथे कुणालाच शिकवलं नव्हतं त्याच्या तुलनेत, जिथे कमी लोकांना शिकवलं तिथे ओव्हरडोसचे मृत्यू 27 टक्क्यांनी कमी, जिथे जास्त लोकांना शिकवलं तिथे 46 टक्क्यांनी कमी.

शिवाय हे औषध घेतल्यावर काय होतं ते ज्याने पाहिलंय, तो त्याच्या भरवशावर नशा करेल असं म्हणणार नाही. रोज ओपिऑइड घेणाऱ्याच्या अंगात नॅलोक्सोन गेलं की नशा क्षणात उतरते आणि उलट्या, थंडी, घाम, अंगदुखी, जिवाची तगमग सुरू होते. त्यात सुख काहीच नाही. नॅलोक्सोनची स्वतःची नशा नाही, सवय लागत नाही.

1961 मध्ये या औषधाचं पेटंट घेणाऱ्यांपैकी एक, जॅक फिशमन. त्यांचा सावत्र मुलगा 2003 मध्ये हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला. ज्याच्या नावावर हे औषध आहे त्याच्या कुटुंबातसुद्धा ते वेळेवर हाताशी नव्हतं. संस्कारांचा आणि याचा संबंध लावणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

'डॉक्टरनेच द्यायचं' हा समज कुठून येतो ते मला समजतं. भारतात आपण नॅलोक्सोनचं नाव ऐकलंच असेल तर ते इंजेक्शन म्हणून, भूलतज्ज्ञाच्या ट्रेमधलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते 1983 पासून आहे, पण ते रुग्णालयाचं औषध म्हणून. शिकागोतल्या कार्यकर्त्यांनी 1996 पासून ते थेट नशा करणाऱ्यांच्या आणि त्यांच्या मित्रांच्या हातात द्यायला सुरुवात केली, कारण अँब्युलन्स येईपर्यंत शेजारी असतात ते तेच. नाकात मारायचा 4 मिलिग्रॅमचा स्प्रे 2015 मध्ये मंजूर झाला आणि मार्च 2023 मध्ये एफडीएने तो बिनप्रिस्क्रिप्शन विकायला परवानगी दिली. क्रोसिनसारखा कपाटावरून उचलून घ्यायचा. 2014 मध्ये खुद्द जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की ओव्हरडोस होताना जवळ असण्याची शक्यता आहे अशा कुणाच्याही हाती हे औषध असायला हवं.

'भलत्याला दिलं तर दगावतो' हे तर साफ खोटं आहे. अंगात ओपिऑइड नसेल तर नॅलोक्सोन काहीच करत नाही. साखर उतरून बेशुद्ध पडलेल्याला, दारू जास्त झालेल्याला, चक्कर येऊन पडलेल्याला दिलं तर त्याचा उपयोग होणार नाही, पण अपायही होणार नाही. म्हणून शंका असली तरी द्यायचं, आणि खरं कारण दुसरं असू शकतं म्हणून 911 या आपत्कालीन नंबरला फोन करायचाच.

देतात कसं, ते इथेच सांगते. माणूस हाक मारून, हलवून उठत नाही. मुठीच्या सांध्यांनी छातीच्या मधल्या हाडावर जोरात चोळलं तरी उठत नाही. श्वास मंद आहे किंवा नाही. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. ओठ आणि नखं निळसर. आपल्या सावळ्या कातडीवर निळं दिसत नाही, राखाडी दिसतं, म्हणून ओठांच्या आतली बाजू बघा. फोन स्पीकरवर टाकून 911 लावा. पाठीवर निजवून मान थोडी मागे करा. डबीतलं पाकीट फोडा, स्प्रे आधी दाबून बघू नका, कारण त्यात एकच मात्रा असते. टोक एका नाकपुडीत पूर्ण घाला आणि अंगठ्याने खालचा दट्ट्या दाबा. श्वास येत नसेल तर नाक धरून तोंडाने दर 5 सेकंदांनी एक श्वास द्या, फोनवरची व्यक्ती सांगत राहील. 2-3 मिनिटांत फरक नाही तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. श्वास आला की कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही.

आणि शुद्धीवर आला म्हणून अँब्युलन्सला परत पाठवू नका. नॅलोक्सोनचा असर 30 ते 90 मिनिटं, मेथाडोनसारखी ओपिऑइड औषधं त्याहून कितीतरी जास्त वेळ अंगात राहतात. श्वास पुन्हा बंद पडू शकतो. जाग आलेला माणूस चिडचिड करेल, 'मी ठीक आहे, जाऊ दे' म्हणेल. जवळ बसून राहायचं.

फेंटॅनिलवर हे चालत नाही, असं म्हणणाऱ्यांना बहुधा दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. फेंटॅनिल हे ओपिऑइडच आहे, नॅलोक्सोन त्याला त्याच जागेवरून हटवतं. हल्ली रस्त्यावरच्या मालात झायलाझिन नावाचं जनावरांचं गुंगीचं औषध मिसळतात, त्यावर ते चालत नाही. पण ते फेंटॅनिलबरोबरच येतं, म्हणून नॅलोक्सोन द्यायचंच, माणूस लगेच डोळे उघडणार नाही, श्वास परत आला तरी पुरे. फेंटॅनिल जबर आहे म्हणून 8 मिलिग्रॅमचा दांडगा स्प्रेच हवा, हेही खरं नाही. न्यूयॉर्क राज्य पोलिसांनी दोन्ही स्प्रे वापरून पाहिले, 354 लोकांचा तो हिशेब 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. वाचलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, 99 टक्के. 8 मिलिग्रॅमवाल्यांत उलट्यांसकट नशा तुटण्याचा त्रास मात्र दुप्पट, 38 टक्के विरुद्ध 19. साधा 4 चा घ्या.

हात लावल्याने विष चढत नाही. फेंटॅनिलची औषधी पट्टी मुद्दाम कातडीतून आत जावं म्हणून बनवलेली असते, तिचाही पुरता असर व्हायला काही तास लागतात. हातमोजे घातले तर उत्तम, नसतील तर नंतर साबणाने हात धुवा. या भीतीने कुणी श्वास न देता उभं राहिलं तर तेवढ्या वेळात समोरचा जातो.

व्हिसाचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण इथे आपली मुलं एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असतात आणि फोन करायला हात थबकतो. नॅलोक्सोन बाळगणं गुन्हा नाही. ओव्हरडोस झालेल्यासाठी मदत मागणाऱ्याला आणि त्या रुग्णाला, स्वतःपुरते ड्रग्ज बाळगल्याच्या खटल्यापासून संरक्षण देणारे कायदे जवळजवळ सगळ्या राज्यांत आहेत. न्यू मेक्सिकोत 2007 मध्ये पहिला आला, न्यू जर्सीत 2013 मध्ये, कॅनडात देशभरासाठी 2017 मध्ये. प्रत्येक राज्याच्या तरतुदी वेगळ्या आहेत, विक्रीच्या गुन्ह्याला ते लागू नाहीत, आणि राज्याचा कायदा केंद्राच्या इमिग्रेशन खात्याला बांधत नाही. हे मी लपवणार नाही. पण ज्याने ड्रग्जला हात लावलेला नाही आणि रूममेटसाठी फोन केला, त्याच्यावर ठेवायला गुन्हाच नाही. आणि ज्याने त्याच रात्री तीच गोळी घेतली आहे, त्याला पुढे वकील गाठता येतो. रूममेट गेल्यावर काहीच करता येत नाही.

रेकॉर्डबद्दल. न्यू जर्सीत जानेवारी 2023 पासून, 14 वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या कुणालाही, योजनेत असलेल्या फार्मसीत नॅलोक्सोन फुकट मिळतं. प्रिस्क्रिप्शन नाही, इन्शुरन्स नाही, नावही विचारत नाहीत. काउंटरवर येऊन 'नॅलोक्सोन हवंय' एवढं म्हणायचं. मी देते तेव्हा कशाला हवंय हेही विचारत नाही. कॅलिफोर्नियात राज्य सरकारने स्वतःच दोन स्प्रेंची डबी 24 डॉलरला काढली आहे. बाकी दुकानांत नारकॅन साधारण 45 डॉलर, पण आधी काउंटीच्या आरोग्य खात्याला किंवा लायब्ररीत विचारा, बऱ्याच ठिकाणी पैसे पडत नाहीत. ओंटारिओत फार्मसीतून फुकट किट मिळतं.

त्या बाईंसाठी मी एक डबी बाजूला काढून ठेवली आहे. त्या परत आल्या तर सांगणार आहे की ही किल्ल्या ठेवता त्या खणात ठेवा, घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी. गाडीत नको, उन्हाळ्यात गाडी फार तापते. आणि बाहेरच्या तारखेवर एकदा नजर टाका, नव्या डब्यांना आता 4 वर्षांची मुदत असते. पण तारीख उलटलेलीच जवळ असेल तर ती वापरा.