‘संस्था नोंदवा, सीएसआर निधी हमखास’ : फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

महिला मंडळे, तरुण मंडळे आणि छोट्या संस्थांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर सतत फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच: ‘कंपन्यांना नफ्याचे २ टक्के संस्थांना द्यावेच लागतात. मार्चमध्ये कोट्यवधी रुपये पडून राहतात. संस्था नोंदवा, दर्पण, १२ए, ८०जी, सीएसआर-१ काढा. फाइल आम्ही करून देतो, निधी हमखास.’ खाली मोबाइल क्रमांक आणि फाइलचा दर. (सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च; १२ए ही संस्थेच्या आणि ८०जी ही तिच्या देणगीदारांच्या आयकर सवलतीची नोंदणी; दर्पण आणि सीएसआर-१ काय, ते पुढे येते.) यात घेतलेली नोंदण्यांची नावे खरी आहेत, म्हणून सगळा मजकूरच खरा वाटतो. खोटे आहे ते त्यावरून दिलेले आश्वासन. त्याची झळ बसते ती नुकत्याच उभ्या राहणाऱ्या, प्रामाणिकपणे काम करू पाहणाऱ्या मंडळींना.

‘कंपन्यांना संस्थांना द्यावेच लागते.’

कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ सगळ्या कंपन्यांना लागू नाही. आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरते ते) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक तरी टप्पा गाठलेल्या कंपनीलाच मागील ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. सक्ती आहे ती खर्च करण्याची. तो कंपनी स्वतः करू शकते, आपल्या प्रतिष्ठानामार्फत करू शकते किंवा पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीत भरू शकते. शिवाय काम कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये, म्हणजे मान्य कामांच्या यादीत, बसावे लागते. मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे असे एकदाच होणारे कार्यक्रम केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकातच वगळले आहेत. वर्धापनदिनाच्या मंडपासाठी सीएसआर मागणारा अर्ज म्हणूनच पुढे सरकत नाही.

‘नोंदणी झाली की त्याच वर्षी निधी.’

सगळ्यात जास्त नुकसान करणारे वाक्य हेच. कंपनीने किंवा सरकारने स्थापन न केलेल्या संस्थेला सीएसआरचे काम द्यायचे, तर त्याच प्रकारच्या कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव असावा लागतो. ही अट नियमातच आहे. सीएसआर-१ हा कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे भरायचा अर्ज आहे, १ एप्रिल २०२१ पासून तो बंधनकारक आहे आणि व्यवसाय करणाऱ्या सनदी लेखापालाने, कंपनी सचिवाने किंवा परिव्यय लेखापालाने (कॉस्ट अकाउंटंट) तो पडताळावा लागतो. त्यातून मिळतो तो फक्त क्रमांक. तो दाखवला म्हणून ३ वर्षांचे काम सिद्ध होत नाही.

काम दिसते ते ताळेबंदात, आणि चूक बहुतेक वेळा तिथेच होते. पहिली २ वर्षे ‘व्यवहारच नव्हता’ म्हणून संस्था शून्याचे ऑडिट करून घेते. प्रत्यक्षात अभ्यासिका चालू असते, आरोग्य शिबिरे होत असतात, पण खर्च सभासदांच्या खिशातून, पावतीशिवाय. कागदावर ती वर्षे रिकामीच राहतात. वर्षाला ४० हजार रुपयांचेच काम असले तरी देणगी संस्थेच्या बँक खात्यात घ्या, पावती द्या आणि खर्च खात्यातूनच करा. खर्चाचे शीर्षही नेमके हवे. नुसते ‘सामाजिक कार्य’ लिहिले, तर ‘त्याच प्रकारचे काम’ कोणते हे कंपनीच्या तपासनिसाला कळत नाही. ‘अभ्यासिका’, ‘पाणी’, ‘आरोग्य’ असे वेगळे लिहा. सोबत हजेरीपट, तारखेचे फोटो आणि दोन पानी वार्षिक अहवाल ठेवा.

आणखी दोन जागी फाइल अडते. पहिली धर्मादाय आयुक्तांकडची. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहिला की परिशिष्ट १ च्या उताऱ्यात (विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीत) एक नावे, बँकेत दुसरी आणि ठरावावर तिसरी, असा गोंधळ होतो. दुसरी जागा आयकराची. नव्या संस्थेला १२ए आणि ८०जीची तात्पुरती नोंदणी ३ वर्षांसाठी मिळते. काम सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत किंवा मुदत संपण्याच्या किमान ६ महिने आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, नियमित नोंदणीचा अर्ज करावा लागतो. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावले आणि तारीख विसरली, तर ऐन करार करताना नोंदणीच संपलेली निघते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेवढे अर्ज भरताना पाहा.

‘दर्पण म्हणजे सरकारची मान्यता.’

नाही. नीती आयोगाच्या या पोर्टलवरची नोंदणी मोफत आहे आणि मिळतो तो ओळख क्रमांक. केंद्राच्या अनुदानाच्या अर्जात तो लागतो, म्हणून जरूर घ्या. संस्थेचे नाव पॅनवर आणि नोंदणी प्रमाणपत्रावर अक्षरशः सारखे असू द्या.

‘एकच फाइल सगळ्या कंपन्यांना चालते.’

चालत नाही. प्रस्तावात वाचले जाते ते त्या-त्या कामाचे अंदाजपत्रक. समजा, ३० मुलांची संध्याकाळची अभ्यासिका १० महिने चालवायची आहे. दोन शिक्षिकांचे मानधन प्रत्येकी दरमहा ६,००० प्रमाणे १,२०,००० रुपये, जागेचे भाडे २०,०००, पुस्तके दर मुलामागे ४०० प्रमाणे १२,०००, खाऊ दर मुलामागे रोज ८ रुपये प्रमाणे २२० दिवसांचा ५२,८००, हिशेब व ऑडिट १२,०००. एकूण २,१६,८०० रुपये, म्हणजे एका मुलामागे सुमारे ७,२२७. असा हिशेब मांडला की प्रश्न विचारता येतो आणि उत्तरही देता येते. ‘शैक्षणिक उपक्रम: ५ लाख’ या ओळीवर काहीच विचारता येत नाही, मग अर्ज बाजूला पडतो.

मानधन मागायला संकोचू नका. ५ टक्क्यांची प्रशासकीय मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या माणसाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च.

‘पैसे आले की आपले.’

रक्कम साधारणपणे हप्त्यांत येते आणि पुढचा हप्ता आधीच्या हिशेबावर अवलंबून असतो. निधी मंजूर कामासाठीच वापरला गेला, हे कंपनीच्या वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावे लागते. केंद्राच्या अनुदानाला उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) लागते, आणि त्याच कामासाठी दुसऱ्या मंत्रालयाकडून पैसे घेतले नसल्याचे सांगावे लागते. पुस्तकांचे पैसे वाचले म्हणून पंखे घेतले, तर हेतू चांगला असूनही हिशेब अडतो. आधी लेखी परवानगी घ्या. आणि ‘एवढा निधी देतो, त्यातले इतके टक्के रोख परत द्या’ असे कोणी म्हटले, तर तिथेच थांबा. खोट्या बिलांवर सही विश्वस्तांची असते, दलालाची नसते.

‘संस्था नोंदवली नाही तर काहीच मिळत नाही.’

महिला बचत गटाला ट्रस्ट लागत नाही. ग्रामीण बचत गटांसाठीच्या राज्याच्या उमेद अभियानात दशसूत्री (गटाने पाळायचे दहा नियम) पाळणाऱ्या, प्रतवारी झालेल्या गटाला फिरता निधी (सभासदांना आळीपाळीने कर्ज देण्यासाठीची रक्कम) मिळतो आणि पुढे बँक कर्जाची वाट खुली होते. कर्ज आणि बचत हेच काम असेल तर नोंदणीच्या मागे धावू नका.

‘मार्चमध्ये पैसे परत जातात, तेव्हाच फाइल टाका.’

चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम कंपनीला आर्थिक वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात टाकावी लागते आणि त्याच प्रकल्पावर वापरावी लागते. इतर शिल्लक ६ महिन्यांत अनुसूची ७ मधल्या, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या, निधीत जाते. मार्चमध्ये नवख्या संस्थेसाठी राखलेली अशी थैली कुठेही नसते. कंपनीची सीएसआर समिती वार्षिक कृती आराखडा करते, त्यात नाव यायला हवे. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर आणि कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत आपल्या जिल्ह्यात, आपल्या विषयावर कोण खर्च करते ते पाहा. जवळच्या एमआयडीसीत कारखाना असलेल्या कंपन्या आधी घ्या, कारण कायदाच स्थानिक भागाला प्राधान्य द्यायला सांगतो. पाच-सहा नावे निवडून प्रत्येकीला दोन पानी टिपण पाठवा आणि चालू काम पाहायला बोलवा.